ठेवलंय कुठं?

दिवाळीच्या आधी घर आवरायचं, हा आमच्या घरातला कायदा सौ.ने केलेला आहे आणि तो मोडायची माझी छाती नाही. दरवर्षी माझ्या वाट्याला पुस्तकांचं कपाट येतं. गेल्या दिवाळीला मात्र मी आपण होऊन एक जादा काम अंगावर घेतलं. घरातला लॅपटॉप साफ करायचं! जागा संपत आल्याची तक्रार ते यंत्र महिनाभर करीत होतं, आणि घरातल्या कुणाचीही तक्रार महिनाभर ऐकून घ्यायची सवय मला असली तरी यंत्राची नाही.

मी 'डॉक्युमेंट्स' नावाचं दालन उघडलं. त्यात माझे पेन्शनचे कागद होते, इन्कमटॅक्सचे फॉर्म होते, सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं होती. आणि या सगळ्या प्रतिष्ठित मंडळींच्या मधोमध, लग्नाच्या पंगतीत बोलावण्यावाचून येऊन बसावं तसा, एक फोल्डर बसला होता. नाव 'माय गेम्स'. आमचा नातू चिन्मय या लॅपटॉपवर खेळतो हे मला ठाऊक होतं. पण खेळ यंत्रात दुसरीकडे बसवलेले असतात, एवढं ज्ञान मलाही आहे. तेव्हा हा नुसता कचरा, असा निष्कर्ष काढून मी तो केराच्या टोपलीत टाकला आणि टोपलीही रिकामी केली. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस काम अर्धवट टाकत नाही.

संध्याकाळी आतून हाक आली, "आजोबा, माझे सेव्ह कुठे गेले?"

"अरे, शेव अजून तळायचीय. आजी चकल्यांत आहे," मी म्हणालो.

चिन्मय बाहेर आला. त्याचा चेहरा पाहिल्यावर हा फराळाचा प्रश्न नाही हे माझ्या लक्षात आलं. खेळ थांबवताना आपण कुठवर आलो, काय काय मिळवलं, याची जी नोंद यंत्र करून ठेवतं तिला 'सेव्ह' म्हणतात. ती असली की उद्या तिथूनच पुढे खेळायचं. आठ महिन्यांच्या अशा नोंदी त्या फोल्डरात होत्या. पोरगं ओरडलं असतं तर बरं झालं असतं. आठवीतला मुलगा गप्प बसला की घर कसं अंगावर येतं.

"पण तू तो फोल्डर माझ्या कागदपत्रांत ठेवलासच कशाला?" मी उसन्या अवसानानं विचारलं.

"मी नाही ठेवला. खेळानं ठेवला."

या एका वाक्यानं माझी झोप उडाली. आपल्या घरात आपल्याला न विचारता कुणी तरी सामान ठेवतो, आणि कुठं ठेवलं तेही सांगत नाही, हा प्रकार मला अगदीच नवा नव्हता. माझी आजी हेच करायची. तिचे पैसे तांदळाच्या डब्यात असत, हे साऱ्या वाड्याला माहीत होतं. पण तिची दुसरीही एक जागा होती, आणि ती कुणालाच माहीत नव्हती. ती गेल्यावर दोन वर्षांनी फडताळाची फळी बदलताना मागून एक पुरचुंडी निघाली. तोवर त्यातल्या नोटांना वाळवीनं हिशेबात घेतलं होतं. लपवायचं ते चोरांपासून, वारसांपासून नव्हे, हा साधा मुद्दा आजीच्या ध्यानात आला नाही. संगणकवाल्यांच्या तरी आला का, हे पाहावं म्हणून मी या विषयाचा अभ्यास केला. पापाचं प्रायश्चित्त म्हणून लोक काशीला जातात. मी इतिहासात गेलो.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण ठेवायला जागाच नव्हती. जपानच्या तैतो कंपनीनं १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' हा नाणं टाकून खेळायचा खेळ आणला. सर्वांत जास्त गुण किती झाले, ते पडद्यावर माथ्याशी दिसायचं. पण पेटीची वीज बंद केली की तो विक्रमही गेला! आम्ही गोट्या खेळायचो तेव्हा धुळीत काडीनं हिशेब लिहायचो आणि संध्याकाळी झाडलोट झाली की सगळे पुन्हा सारखे व्हायचे, तसंच. हा समाजवाद मला आवडला.

मोठ्या संगणकांवर मात्र सोय होती. गुहांमधून हिंडायचा शौक असलेल्या विल क्राउदर नावाच्या प्रोग्रॅमरनं १९७० च्या दशकाच्या मध्याला एका गुहेचाच खेळ लिहिला आणि १९७७ साली स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सनं तो वाढवला. त्यात खेळ मध्येच थांबवून ठेवता येई. पण संगणक कामाचा, महाग, अनेकांनी वाटून वापरायचा. म्हणून वूड्सनं अशी व्यवस्था केली की कामाच्या वेळात गुहा बंद! शिवाय थांबवलेला खेळ लगेच उघडायला गेलं, तर आत्ताच तर थांबवलास, जरा दम धर, अशा अर्थाची तंबी मिळे. आमच्या बँकेला हे आधी सुचलं असतं, तर ताळेबंद जरा लवकर जुळले असते.

पुढे खेळ घरात आला, टीव्हीला जोडायच्या पेट्यांमधून. या पेट्यांना स्मरणशक्ती नव्हती. त्यावर जपान्यांनी जो उपाय काढला तो ऐकून मी हात जोडले. १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ निघाला. त्यात थांबताना राजेसाहेब तुम्हाला वीस अक्षरांचा एक मंत्र सांगत. मंत्र हा माझा शब्द नव्हे. त्याचं जपानी नावच 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' अशा अर्थाचं आहे. तुमची सारी कमाई त्या वीस अक्षरांत गुंफलेली. दुसऱ्या दिवशी मंत्र बिनचूक घातला की तुम्ही पुन्हा जिवंत! १९८७ साली दुसरा भाग आला आणि मंत्र वाढत वाढत ५२ अक्षरांपर्यंत गेला. त्यातून जपानी लिपीत 'मे' आणि 'नु' ही अक्षरं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. वहीत उतरवताना एक अक्षर चुकलं की सगळं पुण्य पाण्यात. वेदपाठशाळेत ऱ्हस्वदीर्घ चुकलं म्हणून छडी खाल्लेल्या आमच्या अण्णांना ही पद्धत फार पटली असती.

माझ्या मते सर्वांत प्रामाणिक काळ हाच. खेळाची नोंद कुठं आहे? माझ्या वहीत. वही कुठं आहे? माझ्या दप्तरात. संपलं! आईनं वही रद्दीत घातली तर भांडायला आई तरी समोर असायची.

त्यानंतर बॅटरी आली. अमेरिकेत १९८७ साली 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ सोनेरी रंगाच्या डबीतून आला, आणि त्या डबीच्या पोटात मनगटी घड्याळात असते तसली चपटी बॅटरी होती. वीज गेली तरी ती आतली नोंद जागती ठेवी. मात्र बंद करताना आधी एक बटण दाबून धरायचं आणि मग वीज घालवायची, अशी सूचना होती. नाही तर निघता निघता नोंद बिघडायची. आमच्याकडे गॅसच्या शेगडीचे नियम याहून सोपे आहेत. आणि बॅटरी ती बॅटरी. आज ना उद्या ती संपते, आणि तिच्याबरोबर कुणाच्या तरी बालपणीचा राजवाडाही.

१९९४ सालच्या 'प्लेस्टेशन'नं बॅटरीची ती भानगड मिटवली. नोंदीसाठी वेगळं कार्ड, १२८ किलोबाइटचं, त्यात १५ कप्पे. कार्ड खिशात घालून मित्राकडे जायचं आणि त्याच्या पेटीवर आपला खेळ पुढे चालू करायचा. म्हणजे आपला डबा आपण न्यायचा. कप्पे भरले की काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं.

आता लपवाछपवीकडे वळू या, कारण खरा रहस्यपट तिथं आहे. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये 'युनिक्स' ही संगणकाची कारभारव्यवस्था लिहायला घेतली. तिच्यात प्रत्येक फोल्डरात दोन नोंदी आपोआप असतात. एक टिंब म्हणजे 'हेच घर' आणि दोन टिंबं म्हणजे 'वडिलांचं घर'. घरातल्या वस्तूंची यादी मागितली की ही टिंबंही यादीत यायची. ती नकोत, म्हणून यादी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक सोपी तपासणी घातली गेली : नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर वगळ. खरं तर 'पूर्ण नावच टिंब असेल तर' असं लिहायला हवं होतं. पण घाई माणसाला असतेच, मग ती प्रयोगशाळा असो की आमचं क्लिअरिंग खातं. परिणाम असा की ज्या कशाच्या नावाआधी टिंब द्याल ते डोळ्यांना दिसेनासं! बेल लॅब्जमधलेच रॉब पाइक यांनी २०१२ साली हा किस्सा सांगून कबूलच केलं की लपलेल्या फायली हा काही विचारपूर्वक केलेला बेत नव्हता, चुकून झालेला प्रकार होता. लोकांनी मात्र ती चूक डोक्यावर घेतली. प्रत्येक प्रोग्रॅम आपलं गाठोडं मालकाच्या घरात टिंबाच्या बुरख्याखाली ठेवू लागला. एका टिंबाच्या आडोशानं साऱ्या जगाची अडगळ जमली. कपाळावरच्या टिकलीलाही इतकं सामर्थ्य नसेल.

याच युनिक्सवर १९८० च्या सुमारास 'रोग' नावाचा भुयारात हिंडायचा खेळ आला. त्यात नोंद ठेवता येई, पण परत उघडली की खेळ ती नोंद पुसून टाकी. म्हणजे मेल्यावर मागच्या नोंदीकडे पळून जायची सोय नाही. मरण आलं की आलं! आणि अशा खेळांच्या विक्रमांची यादी सगळ्यांची मिळून एकच असे. तिच्यात हातानं खाडाखोड करायला कुणाला परवानगी नाही. लिहिणार फक्त खेळ. खातेदारानं लेजरला हात लावायचा नाही, कारकुनानं लावायचा, तोच नियम. लिनक्सच्या फायली कुठं असाव्यात याची एक नियमावली आहे. तिच्या २००४ सालच्या आवृत्तीत बदलत्या गोष्टींच्या 'व्हार' नावाच्या दालनात 'गेम्स' अशी स्वतंत्र खोली दिलेली आहे. विक्रम चावडीवर, खासगी गोष्टी घरात. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते.

डॉसच्या राज्यात वाटणी वगैरे नव्हतीच. १९९३ सालच्या 'डूम'च्या नोंदी खेळाच्याच फोल्डरात पडत, 'डूमसेव्ह' आणि पुढे आकडा, अशा सहा. घरात तिघे भाऊ असले तर सहा जागांत तिघांचा संसार. थोरल्यानं धाकट्याच्या नोंदीवर आपली नोंद केली की त्या घरात पुढचं महाभारत संगणकाशिवाय होई. शिवाय खेळ काढून फोल्डर पुसला की नोंदीही गेल्या. भाडेकरूनं घर सोडलं आणि मालकानं त्याच्या ट्रंकेसकट चुना लावला, असा कारभार.

मग आलं विंडोज. इथं अडचण उलटी झाली. जागा इतक्या, की कुठं ठेवावं हाच प्रश्न. काही खेळांनी 'माय डॉक्युमेंट्स' पकडलं आणि तिथं 'माय गेम्स'ची खाट टाकली. काहींनी 'ॲपडेटा' नावाचं लपवलेलं दालन गाठलं, ज्यात आणखी तीन खोल्या आहेत : इथलं, खालच्या पातळीचं इथलं आणि फिरतं. अर्थ नीट कळला नाही तरी चालेल. पुष्कळ खेळ लिहिणाऱ्यांनाही तो कळलेला दिसत नाही. 'माइनक्राफ्ट'नं तर त्या लपलेल्या दालनात आपला फोल्डर ठेवला आणि वर नावाआधी टिंबही दिलं. विंडोजमध्ये टिंबानं काही लपत नाही; पण बुरख्यावर बुरखा घेतलेला बरा.

२००७ साली 'व्हिस्टा' घराघरांत आलं तेव्हा कारभाऱ्यांनी शिस्त लावायचं मनावर घेतलं. प्रोग्रॅम जिथं बसवलेले असतात त्या दालनात यापुढे कुणी उठून लिहायचं नाही! पण जुने खेळ तिथंच लिहीत आलेले. ते अडून बसले तर? म्हणून एक खास आपल्याकडची वाटावी अशी तोड काढली. जुन्या खेळाला वाटायचं की आपण पूर्वीच्याच जागी लिहितोय. प्रत्यक्षात ते लिखाण गुपचूप 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या लपवलेल्या खोलीत जायचं. सासूबाईंना वाटतं आपल्याच पद्धतीची आमटी झाली. सुनेनं आतून मसाला बदललेला असतो, आणि घर शांत राहतं. त्याच व्हिस्टानं 'सेव्ह्ड गेम्स' असं स्पष्ट नाव लिहिलेलं एक फोल्डरही प्रत्येकाला दिलं. नुसत्या या कामासाठी! त्याच्याकडे बहुतेक खेळांनी पाठ फिरवली. नगरपालिकेनं बांधून दिलेली मंडई ओस आणि भाजी फुटपाथवर, हे आपल्याला काही परकं नाही.

लिनक्सवाल्यांनी २००३ साली त्या टिंबांच्या गर्दीवर नियम केला : सेटिंग्ज एका जागी, जपायचा माल दुसऱ्या जागी, टाकाऊ तिसऱ्या जागी. पण 'आपण कुठवर आलो होतो' या गोष्टीसाठी वेगळी जागा पुस्तकात यायला २०२१ साल उजाडलं. आणि जागा नीट विचारली नाही तर काय होतं, तेही याच घरात २०१५ च्या जानेवारीत दिसलं. 'स्टीम' या खेळांच्या दुकानाच्या लिनक्सवरच्या प्रोग्रॅममध्ये, आपल्या फोल्डरातलं सगळं पुसून टाक, अशी एक आज्ञा होती. काही लोकांनी तो फोल्डर दुसरीकडे हलवला. फोल्डर सापडेना, तेव्हा त्याच्या नावाची जागा रिकामी राहिली, आणि आज्ञेचा अर्थ झाला : पार मुळापासून सगळं पूस! पुसलं. लोकांचे फोटो, कागद, सगळं. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानं स्वतःच शेरा मारून ठेवला होता : 'स्केअरी!' म्हणजे 'भीती वाटते बुवा!' वाटत होती तर लिहिलीस कशाला, असं मी विचारणार होतो. पण माझा हात टोपली रिकामी करताना थरथरलासुद्धा नव्हता, हे आठवून गप्प बसलो.

इतका अभ्यास झाल्यावर मी चिन्मयपुढे माझं मत मांडलं : खेळाच्या नोंदी म्हणजे खेळाची आतडी, त्या माझ्या कागदपत्रांत नकोत, लपवूनच ठेवाव्यात.

"आतडी कशी?" तो म्हणाला. "आठ महिने मी खेळलोय. तुमची इतिवृत्तं सोसायटीची की तुमची? तुम्ही लिहिलीत म्हणून तुमची ना? मग हे मी केलंय, म्हणून माझं. माझं असेल तर ते मला दिसायला नको?"

वादात हरण्याचा मला अनुभव आहे, पण आठवीतल्या मुलाकडून इतक्या थोडक्यात नव्हता. त्याचं खरं होतं. खेळ काढून पुन्हा घालता येतो. नोंद पुन्हा घालता येत नाही. मग खेळाला दिवाणखाना आणि नोंदीला माळ्यावरचा कोपरा, हा न्याय कुठला?

सुदैवानं त्याची नोंद वाचली. २००८ सालापासून खेळांच्या दुकानदारांनी नोंदींची नक्कल परस्पर आपल्याकडे ठेवायची चाल पाडली आहे, आणि तशी एक नक्कल कुठल्या तरी दूरच्या कोठारात शिल्लक होती. आमच्या घरातली वस्तू आमच्या घरात मिळाली नाही. ती परदेशात मिळाली. चिन्मयनं मला माफ केलं. मी त्याला शेव दिली.

आणि मग मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

२००३ साली आम्ही घरात पहिला संगणक घेतला. अण्णा, माझे वडील, तेव्हा पंचाहत्तरीचे. माउस धरायला शिकले आणि सुरुंग शोधायच्या खेळात रमले. १९९२ पासून विंडोजबरोबर येणारा तोच खेळ. मधल्या पातळीवर चाळीस सुरुंग. पाच वर्षं ते रोज सकाळी पूजा आटोपून तासभर सुरुंग शोधायचे. शेवटी एकदा १३८ सेकंदांत डाव जिंकले. खेळानं नाव विचारलं. एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी 'अण्णा' लिहिलं आणि साऱ्या घराला बोलावून दाखवलं. आईसुद्धा पदराला हात पुसत आली होती.

२००८ साली अण्णा गेले. वर्षभरानं संगणकात व्हायरस शिरला. दुरुस्तीला आलेल्या पोरानं विचारलं, "काका, सगळं पुसावं लागेल. काय काय ठेवायचं?" मी यादीच काढली. पत्रं, फोटो, हिशेब. एकही कागद गेला नाही. सगळं सीडीवर उतरवून घेतलं आणि स्वतःवर खूश झालो.

पुढे एका दुपारी आई म्हणाली, "ह्यांचा तो आकडा दाखव रे जरा."

मी खेळ उघडला. तिन्ही ओळींवर ९९९ सेकंद, आणि नाव 'अनॉनिमस'.

"हा कोण?" आईनं विचारलं.

निनावी, असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. "कुणी नाही," म्हणालो आणि बंद केलं.

चिन्मय ऐकत होता. "एक्सपी होतं ना? मग ते रजिस्ट्रीत असणार," तो हळूच म्हणाला. रजिस्ट्री म्हणजे यंत्राचं आतलं दप्तर, जिथं माणसानं जायचंच नसतं. "दोन मिनिटांचं काम होतं, आजोबा. फक्त माहीत हवं होतं."

फक्त माहीत हवं होतं. आजीच्या पुरचुंडीबद्दलही आम्ही हेच म्हणालो होतो.

तो खेळसुद्धा २०१२ सालच्या विंडोजपासून घरात आपोआप येईनासा झाला. तेव्हा मी जपानी पोरांच्या पद्धतीवर आलो. डायरीचं पान उघडलं आणि शाईनं लिहिलं : 'अण्णा. मधली पातळी, चाळीस सुरुंग. १३८ सेकंद.' खाली साक्षीदार म्हणून सही केली आणि डायरी कपाटात ठेवायला निघालो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, काय ठेवताय ते ठेवा, पण कुठं ठेवताय ते सांगून ठेवा!"

सांगितलं. डाव्या कपाटात, वरून दुसरा कप्पा. तुम्हालाही सांगून ठेवतो.